खेळण्यातल्या गाडीची बाजू

परदेशी जाऊन आलेल्या माणसाशी वाद घालू नये, असा आमच्या शाखेत एक अलिखित नियम आहे. कारण त्याच्याकडे फोटो असतात आणि आपल्याकडे नुसती मतं. पूर्वी सिंगापूरहून येणारा माणूस टेपरेकॉर्डर आणायचा, घड्याळं आणायचा, गेला बाजार अत्तराची एक बाटली तरी आणायचाच. आता ते सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, म्हणून तो उपदेश आणतो. उपदेशाला वजनाची मर्यादा नाही आणि कस्टमवाले तो उघडूनही बघत नाहीत. "तिकडे रस्त्यावर कागदाचा कपटा दिसणार नाही", "तिकडे गाडी म्हणजे गाडी" असं तो काउंटरवर कोपर टेकून सांगत राहतो, आणि आम्ही मान डोलावत त्याचं पासबुक प्रिंटरात सरकवतो.

गेल्या वर्षी मीही जाऊन आलो. स्वखर्चाने गेलो. म्हणजे विमानाचं तिकीट माझं आणि राहणं-जेवणं बायकोच्या बहिणीकडे, या अर्थाने स्वखर्चाने. आता माझ्याकडेही फोटो आहेत. तेव्हा हे चार शब्द मी हक्काने लिहितोय, आणि ते भांडणाचे आहेत हे आधीच सांगून ठेवतो.

भांडण पहिलं म्हणजे आमच्या साडूंशी. ते तिथे पंधरा वर्षं आहेत. इंजिनियर आहेत, पण कसले ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की ते "सिस्टिम्स" म्हणतात आणि विषय संपतो. राहतात बुकित पंजांगला. मलाय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि पंजांग म्हणजे लांब. थोडक्यात लांबटेकडी. आपल्याकडे कोणी "मी लांबटेकडीला राहतो" म्हणाला असता तर कर्जाच्या अर्जावर आम्ही एक जामीनदार जास्त मागितला असता. तिथे मात्र सरकारी घरबांधणी मंडळाच्या उंचच उंच इमारती, खाली झाडं, आणि इमारतींच्या रांगांमधून, रस्त्याच्या डोक्यावरून, खांबांवर चालणारी एक चिमुकली गाडी.

या गाडीला एलआरटी म्हणतात. लाइट रेल. ही सिंगापुरातली पहिली, ६ नोव्हेंबर १९९९ रोजी सुरू झालेली. सगळी लाइन मिळून आठ किलोमीटरही भरत नाही. डबा एकच, गर्दीच्या वेळी दोन. चाकं रबराची, मोटारीसारखी. ड्रायव्हर नाही. त्यामुळे पुढच्या काचेपाशी पोरं नाक लावून उभी असतात, आणि पोरं नसली की आमच्यासारखी मोठी माणसं तिथे उभी राहतात आणि आपण सहज उभे आहोत असं दाखवतात. गाडी चोआ चू कांगहून निघते, बुकित पंजांगला येते आणि तिथून वस्तीला एक प्रदक्षिणा घालते. काही गाड्या उजवीकडून घालतात, काही डावीकडून. म्हणजे चुकीच्या गाडीत बसलात तरी फिरून फिरून मुक्कामी पोचताच. असली सोय आपल्याकडे फक्त सरकारी कचेरीतल्या फायलीला आहे, आणि तीही मुक्कामी पोचेलच असं नाही.

साडूंच्या घराजवळचं स्टेशन सेंजा. सेंजा म्हणजे तिन्हीसांज. हा शब्द संस्कृतातल्या 'संध्या'वरूनच मलायमध्ये गेला, हे कळल्यावर मला त्या स्टेशनाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. गावाकडचा कोणी परक्या मुलखात भेटावा तशी. लाइनीवरची बाकीची नावंही अशीच. फजर म्हणजे पहाट, पेटिर म्हणजे वीज, जेलापांग म्हणजे धान्याचं कोठार. आणि एका स्टेशनाचं नाव चक्क पेंडिंग! बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या स्टेशनावर उतरून घरी आल्यासारखं वाटलं तर त्यात नवल ते काय?

तर या गाडीला आमचे साडू "खेळण्यातली गाडी" म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "त्या एलआरटीच्या नादी लागू नका. सेंजा ते बुकित पंजांग एकच स्टेशन आहे. चालत गेलात तर गाडीइतक्याच वेळात पोचाल, शिवाय पोट कमी होईल." पोटाचा उल्लेख अनावश्यक होता. मग जेवताना त्यांनी मुद्दे मांडले. गाडी वळणावर हलते. चढ चढते, उतार उतरते, पाठीचे मणके मोजून देते. सुरुवातीच्या काळापासून बंद पडण्याबद्दल तिची ख्याती आहे. आणि हे सगळं आपण एकटेच म्हणत नाही, तर २०१७ साली खुद्द वाहतूक मंत्री खॉ बून वान यांनीच, ही लाइन म्हणजे मागाहून सुचलेलं काम होतं, अशा अर्थाचं जाहीरपणे म्हटलं होतं. आधी वस्ती आखली आणि मग तिच्यात गाडी कोंबली, म्हणून ती अशी वळणं घेत जाते. मंत्र्याची साक्ष काढल्यावर साडूंनी ताकाचा पेला संपवला आणि मिशा पुसल्या, खटला निकाली निघाल्यासारखा.

मी तेव्हा गप्प बसलो. पाहुण्याने पहिल्या दिवशी गप्प बसावं, हे मी जाणतो. पण मुद्दे एकेक तपासून पाहिले तर काय निघतं?

गाडी हलते. हलते, कबूल. आमची दादरची बससुद्धा हलते, आणि त्या हलण्यात आमच्या खात्यातल्या दोघांची लग्नं जमली. बंद पडायची, तेही कबूल. विजेच्या नावाचं स्टेशन असलेल्या लाइनीवर अधूनमधून विजेचाच घोटाळा व्हावा, यात लोकांना गंमत वाटली असेल, अडकलेल्यांना वाटली नसणार. मागाहून सुचलेली, हेही मंत्र्यांच्या शब्दाला मान देऊन कबूल. पण मी विचारतो, मागाहून सुचलेलं सगळंच टाकाऊ कसं? वस्ती उभी राहते, माणसं राहायला येतात, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येतं की या माणसांना घरापासून मोठ्या गाडीपर्यंत पोचायचं कसं! बहुतेक ठिकाणी हे मागाहूनसुद्धा सुचत नाही. तिथे सुचलं, हा गुन्हा?

आणि गाडीचं करायचं काय, असा प्रश्न पुढे आलाच तेव्हा, ती काढून टाकून नुसत्या बस चालवाव्यात, असाही एक पर्याय विचारात होता. साडू तेव्हा याच पर्यायाच्या बाजूचे होते. पण त्यांना कोणी विचारलं नाही. २०१८ साली सरकारने ३४ कोटी ४० लाख सिंगापूर डॉलरचं कंत्राट देऊन लाइन नवी करायला घेतली (याचे रुपये करू नका, रात्री झोप लागणार नाही, मी केले होते), आणि १ ऑगस्ट २०२४ पासून नवे डबे धावायला लागले. खेळणं मोडलं की फेकून देतात. दुरुस्त करतात ते खेळणं नसतं, एवढं तरी त्या "सिस्टिम्स"वाल्याला कळायला हवं होतं.

पण आता खरा मुद्दा. चालत गेलं तर तेवढाच वेळ लागतो, हे साडूंचं म्हणणं बरोबर आहे. कोणाला, एवढाच काय तो प्रश्न आहे.

साडूंच्या घरी त्यांच्या आई आहेत. माई. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उजवा गुडघा रांगेत उभा. मूळच्या मिरजेच्या. इंग्रजी कामापुरतं, चिनी अजिबात नाही, तरी सेंजा स्टेशनाच्या बाकावर त्यांची एक चिनी मैत्रीण आहे. दोघी आपापल्या भाषेत सुनांबद्दल बोलतात आणि भाषांतराची गरज पडत नाही. दर मंगळवारी माई एकट्या निघतात. लिफ्टने खाली. तिथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला ते व्हॉइड डेक म्हणतात. त्याच्यातून, म्हणजे इमारतीच्या पोटाखालून, पुढे. मग डोक्यावर छप्पर असलेली पायवाट. मग स्टेशनाची लिफ्ट. मग खेळण्यातली गाडी, एक स्टेशन. बुकित पंजांगला उतरून पुन्हा लिफ्ट, या वेळी जमिनीच्या खाली, कारण तिथे २७ डिसेंबर २०१५ पासून भुयारी डाउनटाउन लाइन आहे. तिच्यात बसलं की गाडी न बदलता लिटल इंडिया. तिथे देवळात हात जोडायचे, ताजा कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा आणि एखादं नारळाचं जोडपं घ्यायचं, आणि दुपारच्या आत घरी. लहान गाडी आणि मोठी गाडी मिळून भाडं एकाच प्रवासाचं, अंतरानुसार.

मी एका मंगळवारी त्यांच्याबरोबर गेलो. "माई, तुम्ही एकट्या जाता, भीती नाही वाटत?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "हे बघा बाबा, भीती घरात बसून वाटते. लेक दिवसभर कचेरीत, सून कचेरीत, पोरं शाळेत. ही गाडी नसती तर मी चौदाव्या मजल्यावरची कुंडी झाले असते. सकाळी पाणी घातलं की झालं."

आता साडूंच्या हिशेबात हे कुठे बसतं? ते रोज सकाळी टेकडी उतरून तरातरा चालत भुयारी स्टेशन गाठतात, हातातल्या घड्याळात पावलं मोजतात, आणि बारा मिनिटांत पोचलो म्हणून गाडीला नालायक ठरवतात. ज्याला दोन्ही गुडघे आहेत, त्याने लिफ्टची गरज काय, असं विचारणं म्हणजे ज्याची दाढी आहे त्याने गंधाच्या डबीची गरज काय, असं विचारण्यासारखं आहे. मी बी.कॉम.ला असताना कॉस्टिंगच्या पेपरात ओव्हरहेड्स नावाचं एक प्रकरण असायचं. जो खर्च कुठल्याच एका वस्तूच्या नावावर टाकता येत नाही तो ओव्हरहेड. सरांनी फळ्यावर पुष्कळ उदाहरणं दिली, पण ओव्हरहेड म्हणजे काय ते मला सेंजा स्टेशनाखाली उभं राहून वर बघितल्यावर नीट कळलं. त्या खर्चाचं उत्पन्न माईंच्या पिशवीतल्या कढीपत्त्यात येतं, आणि कढीपत्त्याचा कॉलम कुठल्याच ताळेबंदात नसतो.

माई म्हणाल्या त्यावरून आठवलं. "लाइट रेल" हा शब्द आपण नवा समजतो, पण त्या हसल्या. त्यांच्या लहानपणी मिरजेला जी अरुंद रुळांची गाडी यायची ती कुठली? बार्शी लाइट रेल्वे! १८९७ साली बार्शी आणि कुर्डुवाडीच्या मध्ये सुरू झालेली, रुळांमधलं अंतर अडीच फूट, पुढे एका अंगाने लातूर, एका अंगाने पंढरपूर आणि तिथून मिरज. माई तिच्यातून वारीला गेलेल्या. "आमच्या वडिलांना ती आवडायची नाही," त्या म्हणाल्या. "ब्रॉडगेजपुढे काय हो ही, म्हणायचे. पण पंढरपूरला जायचं म्हटलं की गुमान हिच्यातच बसायचे." म्हणजे छोट्या गाडीला नाकं मुरडणारे साडू आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही होते, आणि विठोबाला भेटायला ते त्याच गाडीने जात होते.

काचांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील की महत्त्वाचं तेच राहिलं. ही गाडी काही इमारतींच्या इतक्या जवळून जाते की आतला माणूस भाजीला फोडणी कशाची देतोय ते कळावं. यावर त्या लोकांनी काय केलं? गाडी इमारतीजवळ आली की डब्याच्या खिडक्या आपोआप धुरकट होतात. पांढऱ्या. जणू गाडीने पदर तोंडावर घेतला. इमारत मागे पडली की पुन्हा लख्ख. पहिल्यांदा झालं तेव्हा मी चष्मा पुसला. दुसऱ्यांदा शेजारच्या शाळकरी पोराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चष्म्याला हात लावला नाही.

यावर माईंची तक्रार आहे. त्यांच्या मते लोकांच्या घरात काय चाललंय ते बघण्यात वाईट काही नाही, मिरजेला आपण दुसरं काय करत होतो. माझं तसं नाही. माणसाला आपल्या घरात बनियनवर बसण्याचा हक्क आहे आणि तो सरकारने मानला पाहिजे. पण लक्षात घ्या, खिडकीतून दिसतं म्हणून त्यांनी गाडी रद्द केली नाही, स्टेशन दूर नेलं नाही, पंधरा वर्षं कोर्टात काढली नाहीत. काच बदलली. मी ज्या ज्या सोसायटीच्या सभेला बसलो आहे तिथे असा प्रश्न आला असता तर पहिला तास "हा विषय अजेंड्यावर नाही" यात, दुसरा तास दुसऱ्या मजल्याला जास्त दिसतं की तिसऱ्या, यात, आणि उरलेला वेळ चहात गेला असता. आणि ज्यांच्या घरात बघण्यासारखं काहीही नाही त्यांनीच सर्वांत जास्त आरडाओरडा केला असता.

इथे साडू एकटे पडतात, आणि माझं दुसरं भांडण सुरू होतं. ते काउंटरवरच्या उपदेशकांशी.

हे लोक सिंगापूरला जातात, गाडी बघतात, आणि परत येऊन "गाडी हवी" म्हणतात. गाडी आली की हो! मुंबईत ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली, ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, डहाणूकरवाडीहून आरेपर्यंत दुसरी आली. डबे थंडगार, दारं वेळेवर उघडतात, घोषणा मराठीत होते. गाडीत मला नाव ठेवायला जागा सापडत नाही, आणि मी शोधली आहे. रड आहे ती गाडी जिथे संपते आणि माणूस जिथे राहतो, त्यांच्या मधल्या तुकड्याची. सिंगापुरात त्या तुकड्याचा २०१३ पासून एक स्वतंत्र कार्यक्रमच झाला. मोठ्या स्टेशनापासून ४०० मीटरपर्यंत आणि एलआरटीच्या स्टेशनापासून २०० मीटरपर्यंत शाळा, दवाखाने, घरं यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवर छप्पर घालायचं. पाच वर्षांत अशी २०० किलोमीटरहून जास्त छपरं झाली. मुंबई ते पुणे छत्री न उघडता चालत जावं आणि वर खंडाळ्याच्या घाटात थोडं रेंगाळावं, एवढं ते अंतर आहे. त्या छपराचा फोटो आमच्या एकाही उपदेशकाने आणलेला मी पाहिला नाही. छपराखाली उभं राहूनच तो गाडीचा फोटो काढत होता.

आपल्याकडे चालणाऱ्यांसाठी कोणी काही केलंच नाही, असं नाही. २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग उपनगरांमधून त्यांचं पीकच आलं. चालणाऱ्याला उचलून वर ठेवायचं म्हणजे खालचा रस्ता मोटारींना मोकळा, अशी ती कल्पना. पण चालणारा माणूस मूळचा आळशी असतो, म्हणून तर तो जवळची वाट धरतो. तो जिना बघून खालूनच जायला लागला.

आणि खेळण्यातल्या गाडीचं म्हणाल तर आपली मोनोरेल होतीच. फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचली. तिच्यावर जेवढे विनोद झाले तेवढे प्रवासी तिला कधी मिळाले नाहीत. मीही एक-दोन केलेत, दिवाळी अंकाला चालतात. पण १९ ऑगस्ट २०२५ चा दिवस आठवा. मुसळधार पाऊस, हार्बरची लोकल बंद, आणि हजारो माणसं कुठे गेली? ज्या गाडीला सगळे हसत होते तिच्याकडे. ती इतकी भरली की भक्ती पार्क आणि मैसूर कॉलनीच्या मध्ये वजनाने अडकून पडली, आणि आतल्या पाचशेच्या वर माणसांना अग्निशमन दलाने शिड्या लावून काढलं. २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणेसाठी सेवाच थांबवावी लागली. तुम्ही म्हणाल, बघा, हाच तुमच्या छोट्या गाडीचा पराक्रम. मी म्हणतो, अकरा वर्षं जिच्या दारात नीट रस्ता नव्हता, जिला मोठ्या गाड्यांशी नीट जोडलं नाही, तिच्याकडून एका दिवसात लोकलचं काम मागितलं तर ती दुसरं काय करणार? आमच्या शाखेत वर्षभर रिकाम्या असलेल्या काउंटरवर पेन्शनच्या दिवशी तीनशे माणसं सोडा आणि मग म्हणा, कारकून मंद आहे.

शाखेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सिंगापूरकर फार थोर आणि आपण करंटे, असं मला म्हणायचं नाही. त्यांनीसुद्धा हात आखडता घेतला आहे. त्या लाइनीवर मुळात चौदा स्टेशनं होती, त्यातलं टेन माइल जंक्शन १३ जानेवारी २०१९ रोजी कायमचं बंद केलं. कारण काय, तर चढणारे-उतरणारे कमी. मला हे वाक्य पाठ आहे. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, आणि त्यानंतर कितीतरी ठिकाणी एकाच गल्लीतल्या दोन शाखांची एक झाली. मी ज्या शाखेत होतो तीही अशीच मिटली. तिथे ठेवी बेताच्या, कर्जं त्याहून बेताची. कागदावर बंद करायलाच हवी होती. पण त्या शाखेला तीन पायऱ्या होत्या आणि नव्या शाखेला एकोणीस आहेत. हयातीचा दाखला द्यायला एक आजोबा त्या एकोणीस पायऱ्या चढून आले आणि वर येऊन धापा टाकत म्हणाले, "साहेब, आत्ता लगेच लिहून घ्या हो. उतरेपर्यंत खात्री नाही."

टेन माइल जंक्शनला उतरणारे जे काही थोडे होते, त्यांचं पुढे काय झालं, हे मी साडूंना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्या स्टेशनावर जात असतील." जात असतीलच. माणूस कुठेतरी जातोच. माई त्या वेळी शेंगा निवडत होत्या, त्यांनी वर न बघता विचारलं, "चालत?" साडू पाणी प्यायला उठले.

आता आमच्याकडचं. आमच्या वस्तीच्या डोक्यावरही एक स्टेशन आलं आहे. चांगलं आहे. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, आंधळ्या माणसाला चाचपता याव्यात अशा पिवळ्या खडबडीत फरश्यासुद्धा आहेत. त्या फरश्या स्टेशनाच्या दारापाशी संपतात आणि पुढे आंधळ्याने काय करायचं ते डोळसांनाही सुचत नाही. कारण स्टेशनाचा जिना उतरतो तो फुटपाथवर, आणि जिना मावावा म्हणून फुटपाथ काढून टाकलेला. उरलेल्या जागेत विजेची डीपी, तिच्या आडोशाला वडापावची गाडी, गाडीवरच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली, आणि या सगळ्याला वळसा घालून जाणारे आम्ही. घरांच्या जाहिरातीत मात्र "मेट्रोपासून दोन मिनिटांवर" असं छापून येतं, आणि कर्जाच्या अर्जांना ती जाहिरात जोडलेली माझ्याच टेबलावर येते. ते दोन मिनिटं कोणाच्या पायांनी मोजले, असं एकदा शेऱ्यात लिहावंसं वाटतं.

सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत मी उठून म्हटलं की स्टेशनापासून आपल्या फाटकापर्यंतचा एक तुकडा आपल्याच हद्दीतून जातो. निदान तेवढ्यावर तरी पत्र्याची शेड घालू या आणि दगड सपाट करू या. आपल्या इमारतीत सत्तरीच्या वरची माणसं पुष्कळ आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "सूचना उत्तम आहे, पण फंड नाही." फंड नव्हता हे खरं आहे. तो फाटकावरच्या कमानीत गेला होता. ग्रॅनाइटची आहे, वर स्टीलच्या अक्षरांत सोसायटीचं नाव आहे आणि रात्री त्यावर निळा दिवा लागतो. स्टेशनाच्या शेवटच्या पायरीपासून ती एकशे ब्याऐंशी पावलांवर आहे. मी मोजली. जुलैत मोजली, आईला हाताला धरून.